आंबेगावच्या अंगणातली चेरी

पुणे जिल्ह्यातल्या महाळुंगे पडवळच्या अंगणात चेरीचं झाड येईल का, हे माती किंवा पाणी पाहून ठरत नाही. ते थंडीवर ठरतं, आणि ती थंडी तासांत मोजावी लागते. खताचा, छाटणीचा, फवारणीचा विचार त्यानंतर. म्हणून या प्रकरणाची सुरुवात थंडीच्या हिशेबानं करू.

मे-जूनमध्ये काश्मीरहून पुण्या-मुंबईच्या बाजारात येणारी, लहान खोक्यात रचलेली, एका कोयीची लाल चेरी म्हणजे प्रूनस एव्हियम. बदाम, जर्दाळू, पीच, आलुबुखार ही तिची भावंडं. काश्मिरी बागायतदार तिच्या जातींना मिश्री, मखमली, डबल, अव्वल नंबर अशी नावं देतात. श्रीनगर, गांदरबल, शोपियान हा तिचा मुलूख, आणि हिमाचलात शिमला-कुलूच्या उंच भागातही ती पिकते. हे सगळे प्रदेश हिवाळ्यात गोठतात. चेरीच्या झाडाला ते गोठणं सोसावं लागतं असं नाही, ते तिला हवंच असतं.

झाडाच्या आत काय घडतं ते पाहा. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात चेरीच्या आखूड, जाडसर फुटव्यांवर पुढच्या वर्षाच्या फुलांचे डोळे तयार होतात. शरद ऋतूत पानं गळतात आणि हे डोळे गाढ सुप्तावस्थेत जातात. वाढ रोखणारी संप्रेरकं त्यांना धरून ठेवतात. मध्येच एखादा उबदार आठवडा आला तर डोळ्यांनी फसून फुटू नये, यासाठी ही सोय आहे. पुरेशी थंडी मिळाल्याशिवाय हे बंधन सुटत नाही. साधारण 0 ते 7 अंश सेल्सियस तापमानाचा एक तास म्हणजे थंडीचा एक तास, असा हिशेब फळबागशास्त्रात फार दिवसांपासून चालत आला आहे. गोड चेरीच्या बहुतेक जातींना असे 700 ते 1200 तास लागतात. थंडी अपुरी पडली तर वसंतात झाड गोंधळतं. एका फांदीला पानं येतात, दुसरी उघडीच राहते, फुलं थोडी आणि मागेपुढे उमलतात, फळ धरत नाही. अशी दोन-चार वर्षं काढली की झाड खंगतं.

आता आपल्या भागाकडे वळू. जुन्नर-आंबेगावची थंडी पुणे जिल्ह्यात नाव घेण्यासारखी आहे. जानेवारीत थंडीची लाट आली की द्राक्ष बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, कारण तयार होत आलेले मणी गारठ्यानं तडकतात. पण ही थंडी पहाटेच्या दोन-तीन तासांची. समजा, डिसेंबर आणि जानेवारीच्या साठेक रात्री पारा रोज तीन तास 7 अंशांखाली राहिला, आणि तसं कोणत्याही वर्षी होत नाही, तरी बेरीज 180 तासांच्या आसपासच थांबते. शिवाय दुपारी तापमान 28 अंशांपर्यंत चढतं. पुढच्या संशोधनानं दाखवलं आहे की दिवसाची अशी ऊब रात्री साठलेल्या थंडीचा काही भाग पुसून टाकते. म्हणजे हाती राहतं ते आणखी कमी. कॅलिफोर्नियात 'मिनी रॉयल' आणि 'रॉयल ली' या कमी थंडीच्या जाती निघाल्या आहेत, पण त्यांनाही काही शे तास लागतातच, आणि परागीभवनासाठी दोन्ही झाडं शेजारी लावावी लागतात. वर आपला एप्रिल-मे. फुलांचे डोळे तयार होताना उष्मा फार झाला तर एका फुलात दोन स्त्रीकेसर धरतात आणि जुळी, वेडीवाकडी फळं येतात. ही अडचण कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांनाही सोडत नाही.

इथे नारायणगाव-जुन्नर पट्ट्यातला शेतकरी एक रास्त प्रश्न विचारेल. द्राक्षही मूळचं थंड प्रदेशातलं. तिकडे वेलीची वर्षातून एकदा छाटणी होते. आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, ऑक्टोबरमध्ये पुन्हा फळछाटणी करतो, डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावून ते फोडतो आणि माल काढतो. मग चेरीला असं का वळवता येत नाही? कारण दोन्ही झाडांची रचना वेगळी. द्राक्षाला थंडीची गरज मुळातच थोडी. घड ज्या काडीत धरतो ती याच वर्षाची, आणि सूक्ष्म घडाची निर्मिती होते ती भरपूर ऊन आणि ऊब मिळाल्यावर. चेरी फळते जुन्या लाकडावरच्या आखूड फुटव्यांवर, आणि असा फुटवा कित्येक वर्षं फळ देत राहतो. वर्षातून दोनदा छाटणी केली तर फळ देणारा भागच कापला जाईल. रसायनानं थोडी थंडी भरून काढता येते, शेकडो तासांची तूट भरून निघत नाही. कैक पिढ्यांच्या हुशारीनं द्राक्ष इथलं झालं. चेरीनं तशी जागाच ठेवलेली नाही.

सफरचंदाचं उदाहरणही हल्ली पुढे केलं जातं. हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी कमी उंचीवर, गरम हवेत फळणारं 'एचआरएमएन-99' हे सफरचंद निवडून वाढवलं. त्याची रोपं देशभर गेली, महाराष्ट्रातही आली, आणि 2025 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याआधी इस्रायलचं 'ॲना' आणि बहामा बेटांवरचं 'डॉर्सेट गोल्डन' होतंच. सफरचंदात कमी थंडीची अशी झाडं सापडली. गोड चेरीत महाराष्ट्राच्या पठारावर खात्रीनं फळ देईल अशी जात आज नाही. उद्या निघाली तर आनंदच आहे, पण आज महाळुंग्याच्या अंगणासाठी खरी चेरी विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

परक्या मुलखातली झाडं इथे रुजवून पाहण्याची परंपरा मात्र या परिसरात जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाची जबाबदारी डॉ. अलेक्झांडर गिब्सन या सर्जनकडे होती. त्याच कामाचा एक भाग जुन्नर तालुक्यातल्या हिवरे इथे चालायचा. औषधी वनस्पती, बाहेरून आणलेली रोपं तिथे लावून पाहिली जात. गिब्सन पुढे मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले, आणि एन. ए. डॅल्झेल यांच्यासह लिहिलेला त्यांचा 'बॉम्बे फ्लोरा' 1861 मध्ये प्रसिद्ध झाला. आणि आज मंचरच्या बाजारात येणारा बटाटा, नारायणगावचा टोमॅटो, घरोघरची मिरची ही पिकं तरी कुठली? सगळी अमेरिकेतून आलेली. ज्यांना इथली हवा मानवली ती राहिली. चेरी म्हणवणारं एक झाडही त्याच अमेरिकेच्या उष्ण भागातून आलं आहे, आणि ते इथे मनापासून वाढतं. त्याच्याकडे जाण्याआधी नर्सरीत होणारी फसगत टाळू.

'चेरीचं रोप' या एकाच नावाखाली निदान चार-पाच वेगळी झाडं विकली जातात, आणि पाटीवर चित्र लावलेलं असतं काश्मिरी चेरीचं. रोपावर फळ नसतं, म्हणून पान पाहायला शिका. खऱ्या चेरीचं पान देठावर एकाआड एक, कडेला करवतीसारखे बारीक दाते, आणि देठाच्या वरच्या टोकाला, पान सुरू होतं तिथे, दोन लालसर गाठी. बार्बाडोस चेरीची पानं समोरासमोर, कडा सरळ. सुरिनाम चेरीचीही समोरासमोर, पण चकचकीत. कोवळी असताना तांबूस आणि चुरगळल्यावर उग्र वासाची. सिंगापूर चेरीचं पान मऊ, केसाळ, हाताला किंचित चिकट, आणि त्याच्या बुडाच्या दोन बाजू सारख्या नसतात. करवंदाला काटे आणि पान तोडल्यावर पांढरा चीक. शास्त्रीय नाव विचारा. विक्रेत्याला ते सांगता आलं नाही तर पानावरून ठरवा.

बार्बाडोस चेरी म्हणजे माल्पिगिया एमार्जिनाटा. काही ठिकाणी तिला वेस्ट इंडियन चेरी किंवा ॲसेरोला म्हणतात. सहा ते दहा फुटांचं झुडूप, गुलाबी झालरीची फुलं, आणि तीन उथळ पाकळ्यांचं लाल रसाळ फळ. आत तीन बिया. फूल उमलल्यापासून तीन-चार आठवड्यांत फळ पिकतं, आणि वर्षातून अनेकदा बहार येतो. 1940च्या दशकात प्वेर्तो रिकोमधल्या संशोधकांनी तपासणी केली तेव्हा या फळातल्या 'क' जीवनसत्त्वाचं प्रमाण पाहून सगळेच चकित झाले. पिकलेल्या फळात 100 ग्रॅममागे सुमारे 1,600 मिलिग्रॅम. संत्र्यात ते 50च्या आसपास असतं. प्रौढ पुरुषाची रोजची गरज 80 मिलिग्रॅमची, स्त्रीची 65ची. पाच ग्रॅमचं एक फळ खाल्लं की दिवसाचा प्रश्न मिटला. कच्च्या हिरव्या फळात हे प्रमाण आणखी जास्त. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी मात्र ओंजळभर रोज खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

लावण्यासाठी गुटी कलमच घ्या, आणि ज्या झाडाचं ते आहे ते झाड फळताना पाहून घ्या. बी पेरून उपयोग नाही, कारण बऱ्याच बियांत गर्भच नसतो आणि उगवण फार कमी होते. दुसरं कारण फळधारणेचं. या झाडाच्या मूळ प्रदेशात फुलांतलं तेल गोळा करणाऱ्या खास मधमाश्या परागीभवन करतात. त्या आपल्याकडे नाहीत. काही झाडं त्यांच्याशिवायही बऱ्यापैकी फळ धरतात, काही नुसती फुलतात आणि गाळतात. आईझाड चांगलं फळत असेल तर त्याचं कलमही फळेल, हा सगळ्यात भरवशाचा निकष.

जागा दिवसभर उन्हाची हवी, पण पश्चिमेकडून भिंतीचा किंवा दाट झाडाचा आडोसा असावा. बार्बाडोस चेरीची मुळं वरच्या थरात पसरतात, आणि आषाढातला पश्चिमेचा वारा अशा झाडाला सहज आडवं करतो. पहिली दोन वर्षं बांबूचा आधार द्यावा. काळ्या चिकण मातीत खड्डा खणून त्यातच रोप लावलं तर पावसाळ्यात मुळाशी पाणी तुंबतं. त्यापेक्षा दोन फुटांचा खड्डा पोयट्याची माती, थोडा मुरूम, कुजलेलं शेणखत आणि दोन-तीन मुठी निंबोळी पेंड घालून भरा, आणि वर फूटभर उंचीचा ओटा करून त्यावर रोप लावा.

आपल्या पट्ट्यात एक धोका विशेष आहे. बार्बाडोस चेरीच्या मुळांवर सूत्रकृमी फार लवकर बसतात, आणि वर्षानुवर्षं टोमॅटो, वांगी, मिरची घेतलेल्या जमिनीत सूत्रकृमींचा सुकाळ असतो. परसात जिथे आधी टोमॅटो होता तिथे हे झाड लावू नका. दुसरी जागा नसेलच तर उन्हाळ्यात ती जमीन नांगरून तापू द्या, एक हंगाम झेंडू घ्या, मग लावा. झेंडूच्या मुळांतून निघणारी द्रव्यं सूत्रकृमींना मारक असतात, हे आपल्याकडच्या टोमॅटो उत्पादकांना ठाऊक आहेच. झाड पाणी असूनही दुपारी मलूल होतं, पानं पिवळी पडतात, वाढ थांबते अशी लक्षणं दिसली तर बाजूची माती उकरून मुळं पाहा. गाठी दिसल्या तर कारण तेच.

पाणी देण्यात सातत्य हवं. कोरडं ठेवून मग भरपूर पाणी दिलं की फुलांचा एक बहार येतो, पण त्यानंतर आठवडाभर विसरलात तर कोवळी फळं गळतात. भर उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा आळं भरावं आणि वर उसाच्या पाचटाचं आच्छादन घालावं. घोड खोऱ्यातल्या गावांची बागायत डिंभे धरणाच्या पाण्यावर उभी आहे. तरीही मे महिन्यात घरच्या बागेला पाणी जपूनच मिळतं. आच्छादनानं त्यात मोठी बचत होते. छाटणी बहार संपल्यावर हलकी करावी. फूल नव्या फुटीवर येतं, त्यामुळे कुंपणासारखी सतत कातरत राहिलात तर झाड सुबक दिसेल, पण फळ मिळणार नाही. फळं पूर्ण लाल झाली की त्याच दिवशी तोडा. दोन-तीन दिवसांत ती आंबतात. बाजारात हे फळ दिसत नाही त्याचं कारण हेच, आणि ते घरी लावण्याचं कारणही हेच.

सिंगापूर चेरी, म्हणजे मुंटिंगिया कालाबुरा, पुण्यात रस्त्याकडेला, नाल्याकाठी आपोआप उगवलेली दिसते. दीड-दोन वर्षांत सावली देते, पांढरी फुलं आणि खसखशीसारख्या बियांची गोड फळं वर्षभर धरते. पोरांना आणि पाखरांना ती फार आवडते, वटवाघळांनाही. लहान अंगणात मात्र ती लावू नये. फांद्या ठिसूळ, फळांचा सडा, आणि पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून जिथे तिथे रोपं. शाळेच्या मैदानाच्या कडेला ती शोभते. सुरिनाम चेरीचं फळ छोट्या भोपळ्यासारखं धारांचं. चव आंबटगोड, पण राळेचा वास सगळ्यांना सोसत नाही. गडद लाल होईपर्यंत थांबलं आणि बी काढून साखर लावून थंड ठेवलं की तो कमी होतो. बी मात्र ताजंच पेरावं लागतं, महिन्याभरात उगवणशक्ती जाते.

आता आपल्या घरच्या चेरीकडे. वाढदिवसाच्या केकवर, बनपावात, आइस्क्रीमवर जी लालबुंद 'चेरी' असते, ती भारतात बहुतेक वेळा करवंद असते. कॅरिसा करांडास. डोंगराची काळी मैना. फरक तपासणं सोपं आहे. खऱ्या चेरीत एकच गोल टणक कोय असते, करवंदात चपट्या मऊ बिया अनेक असतात, आणि केकवरच्या फळात बहुधा त्या काढल्याची चीर दिसते. कारखान्यात करवंद पिकण्याआधी, गुलाबी-पांढरं असताना तोडतात, मिठाच्या पाण्यात ठेवून चीक आणि तुरटपणा काढतात, गंधकयुक्त क्षारानं रंग उडवतात, मग दिवसागणिक दाट होत जाणाऱ्या साखरेच्या पाकात मुरवतात आणि एरिथ्रोसिन नावाचा लाल रंग देतात. अमेरिकेनं जानेवारी 2025 मध्ये हा रंग खाद्यपदार्थांतून काढून टाकण्याचा निर्णय घेतला. भारतात तो ठरलेल्या मर्यादेत चालतो.

घरी हीच चेरी रंगाशिवाय करता येते. एप्रिलच्या अखेरीस घट्ट, गुलाबी करवंदं घ्या. चिरून बिया काढा, हाताला तेल लावा म्हणजे चीक चिकटणार नाही. दोन दिवस मिठाच्या पाण्यात ठेवा, पाणी बदला, मग धुऊन पाच मिनिटं उकळा. फळाइतकीच साखर घेऊन पाक करा, त्यात बिटाचे दोन तुकडे टाका आणि करवंदं सोडा. रोज पाक वेगळा काढून थोडा आटवून पुन्हा ओता. चौथ्या-पाचव्या दिवशी पाक मधासारखा दाट होतो आणि फळ पारदर्शक दिसू लागतं. रंग बाजारच्याइतका भडक येत नाही. चवीला करवंदाची स्वतःची आंबट धार राहते, आणि मला ती बाजारच्या नुसत्या गोडमिट्ट फळापेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

लागवडीत करवंदाइतकं समजूतदार झाड क्वचित सापडेल. मुरमाड, उथळ, उताराची जमीन त्याला चालते. नको असतं ते फक्त तुंबलेलं पाणी. मे महिन्यात पूर्ण काळ्या फळांतून बी काढा, धुऊन सावलीत सुकवा आणि लगेच पिशवीत पेरा. ठेवलेलं बी उगवत नाही. रोप पहिल्या वर्षी रेंगाळतं. पुढच्या मृगाला ते जमिनीत लावा, कुंपणासाठी तीन-चार फुटांवर, फळासाठी सात-आठ फुटांवर. पहिल्या दोन उन्हाळ्यांत पंधरवड्यानं पाणी पुरे, पुढे तेही नको. तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ सुरू होतं. मोठं फळ हवं असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' ही जात मागवा. फळं उतरल्यावर, पाऊस लागण्यापूर्वी, आत वाळलेल्या आणि एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढा. जाड हातमोज्यांशिवाय हे काम करू नये. मोकाट गुरं अशा कुंपणातून आत येत नाहीत. बिबट्याला ते अडवील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका, त्याच्यासाठी जाळीच हवी.

ज्यांची मुलं न्यू जर्सीत, लंडनजवळ किंवा जर्मनीत राहतात त्यांना खरी चेरी लावण्याचं सुख मिळू शकतं. तिथे 'गिझेला 5' सारख्या खुंटावरचं बुटकं कलम घ्यावं. अंगणात एकच झाड मावत असेल तर 'स्टेला'सारखी स्वतःच्या परागानं फळणारी जात निवडावी, कारण जुन्या जातींना दुसऱ्या जातीचा पराग लागतो. छाटणी हिवाळ्यात न करता फळं उतरल्यावर कोरड्या हवेत करावी, नाहीतर जखमांतून जिवाणूजन्य रोग शिरतो आणि डिंक वाहतो. आणि फळं रंगू लागताच जाळं टाकावं, नाहीतर सगळी पाखरं खातील.

महाळुंगे पडवळ, कळंब, साकोरे या बाजूला घर असेल तर या पावसाळ्यात कुंपणाला करवंद लावा आणि अंगणात एक बार्बाडोस चेरी. शेताच्या बांधावर, टेकडीच्या कडेला आधीच असलेल्या करवंदाच्या जाळ्या प्लॉट पाडताना किंवा रस्ता रुंद करताना जेसीबीनं उखडल्या जातात. तुमच्या हद्दीतल्या जाळ्या तेवढ्या राखा. त्यांना लावण्याचा खर्च नाही, पाण्याचा नाही, आणि फळ दर वैशाखात येतं.